मोठे जनावर, बिल्ला क्रमांक चार

आधीच सांगून टाकते, मी भूतबीत मानणाऱ्यातली नाही. आमच्या गावात कुणाच्या अंगात आलं की बाया हळदकुंकू घेऊन पळायच्या आणि मी पुस्तक घेऊन माळवदावर जायचे. या ग्रुपवरचे अनुभवही मी दोन वर्षं नुसती हसत वाचलेत — खोटं कशाला बोलू. त्यामुळे आता कुणी मला हसलं तर मी समजू शकते. फक्त 'फोटोशॉप असेल' असं लिहिण्याआधी शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

दुष्काळाचं साल होतं. माजलगाव धरणात मृतसाठा, उसाच्या जागी नुसती ढेकळं, आणि जिल्हाभर चारा छावण्या. मी माजलगावात एका स्टार्टअपमध्ये 'सपोर्ट अँड टेस्टिंग'ला होते. स्टार्टअप म्हणजे काय, तर बसस्टँडच्या मागे खत-बियाण्यांच्या दुकानावरचा एक हॉल, सहा माणसं, एक कूलर, आणि भिंतीवर मोठा टीव्ही. खाली दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून मालक दिवसभर झोपलेला असायचा आणि वर आम्ही 'स्केल' होत होतो.

आमचा मालक निखिल. त्याला मालक म्हटलेलं चालत नसे, सर पण नाही. "आपण फॅमिली आहोत, फक्त निखिल म्हणा." पुण्याला शिकलेला, वडील साखर कारखान्यावर संचालक. आधी तो कारखान्यांसाठी ऊसतोडणीचं अ‍ॅप करत होता. ऊसच राहिला नाही, म्हणून छावण्यांकडे वळला. छावण्या चालवायच्या दूध संस्था, विकास सोसायट्या. तिथल्या प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असायचा. त्यावरचा कोड रोज सकाळी मोबाईलने स्कॅन करायचा, की अ‍ॅप आपोआप एक फोटो काढून, वेळ आणि ठिकाण लावून आमच्याकडे पाठवायचं. एकच जनावर दोन छावण्यांत दाखवलं, तर आमच्या टीव्हीवर लाल ओळ यायची — दुबार नोंद.

आता खरी गंमत. निखिलचं म्हणणं, आपलं प्रॉडक्ट आधी आपण वापरायचं. म्हणून आमची हजेरीही त्याच अ‍ॅपवर! गळ्यातल्या आयकार्डाला तसलाच कोड, आणि ऑफिसच्या नावाने एक डेमो छावणी. अ‍ॅपमध्ये प्रकार दोनच होते, लहान जनावर आणि मोठे जनावर. आम्ही सहाही जण मोठी जनावरं. माझा बिल्ला क्रमांक चार. कोड लिहिणारा प्रवीण सिरसाळ्याचा, तो रोज सकाळी मला विचारायचा, "काय शीतलबाई, पेंड खाऊन आलात का?" आम्ही हसायचो. नोकरी लागली होती, घरी पंखा-कूलरमधली नोकरी म्हणून कौतुक होतं, हसायला काय जातंय.

नियम मात्र कडक. दहा ते दोन 'फोकस टाइम' — सगळे फोन दाराजवळच्या क्रेटमध्ये. अकराला सगळ्यांनी गोल उभं राहून काय केलं, काय अडलं ते सांगायचं. त्याआधी टीव्हीवर लाल ओळ शिल्लक राहता कामा नये. ज्याने आधी साफ केली त्याला टाळ्या. रजेला कुणी नाही म्हणायचं नाही, अनलिमिटेड होती! फक्त ती त्या गोलात उभं राहून मागायची आणि 'तुझं काम कोण करणार' ते पण आपणच सांगायचं. दीड वर्षात मी एकही घेतली नव्हती. घरी ताकीदच दिली होती, दोनच्या आत फोन करायचा नाही, सगळ्यांसमोर क्रेटमध्ये वाजतो, लाज वाटते.

घर म्हणजे तेव्हा छावणीच. वडवणीच्या पलीकडे आमच्या गावाला लागून एका दूध संस्थेने छावणी लावली होती. आमचे अण्णा दोन बैल आणि एक गाय घेऊन तिथेच मुक्कामाला, हिरव्या जाळीच्या सावलीत. आई सकाळी भाकरी घेऊन तिथे जायची ती संध्याकाळीच परतायची. त्या छावणीत आमचंच अ‍ॅप होतं. पोरीच्या कंपनीचं म्हणून अण्णा स्कॅन करणाऱ्या माणसाला स्वतः चहा पाजायचे.

मंगळवारची गोष्ट. गुरुवारी जिल्ह्याचे साहेब आमचा डेमो बघायला येणार होते. ते खूश झाले तर जिल्हाभरच्या छावण्या आम्हाला, नाहीतर कुलूप, असं निखिलने स्पष्ट सांगितलेलं. सव्वादहाला टीव्हीवर लाल ओळ आली. दुबार नोंद, मोठे जनावर, क्रमांक चार. पहिली नोंद ऑफिसची, नऊ अठ्ठावीस, ती मीच केलेली. दुसरी दहा चौदाची, वडवणीच्या छावणीतली.

प्रवीण म्हणाला, "तू तिकडं कवा गेलतीस गं?"

मी कार्ड दाखवलं. गळ्यातच होतं, दुसरं कार्ड छापलेलंच नव्हतं. फोटो उघडला तर जमीन, थोडा कडबा, आणि अर्धं कापलेल्या निळ्या टिपाडाची कड, जनावरांना पाणी पाजायला ठेवतात तसल्या. फोटोत जनावर नाही, बिल्ला नाही. बग असणार. मी कारणाच्या रकान्यात 'चाचणी नोंद' लिहिलं, ओळ साफ केली आणि अकराला टाळ्या घेतल्या. खरं सांगते, बरं वाटलं होतं.

बुधवारी पुन्हा तेच. दहा चौदा, क्रमांक चार, वडवणी. फोटो त्याच जागेचा, पण टिपाड जास्त आत आलेलं, आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगात दोन अक्षरं — अण्णांच्या नावाची. भांडीकुंडी बदलू नयेत म्हणून छावणीत सगळेच नावं टाकायचे. मी तो फोटो तीनदा मोठा करून बघितला. का ते विचारू नका. बैलांजवळच्या टिपाडाचा फोटो होता, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण मला तो बंद करवेना.

अकराला गोलात मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला आज घरी जायचंय. अर्धा दिवस."

निखिल ओरडला वगैरे नाही. तो कधीच ओरडायचा नाही. शांतपणे म्हणाला, "नक्की जा. कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. असंच... बरं वाटत नाहीये मनाला."

"ओके. उद्याच्या डेमोचं टेस्टिंग कोण घेतंय शीतलकडून?"

सगळ्यांच्या नजरा टीव्हीकडे वळल्या. प्रवीणच्या डोक्यावर आधीच दोघांचं काम होतं, तो खाली बघत राहिला. मलाच लाज वाटली, आणि "जाऊ दे, नाही जात" असं मीच म्हणाले. मग जागेवर बसले आणि तीही ओळ साफ केली. 'चाचणी नोंद'.

दोनला क्रेटमधून फोन काढून पहिला घरी लावला. आईने उचलला.

"अण्णा बरे हायेत ना?"

"बरे हायेत की. हे काय, कडबा टाकायलेत. तू जेवलीस का?"

"देतेस का त्यांना?"

पलीकडे कुजबुज ऐकू आली. मग आई म्हणाली, "आता न्हाई, हात भरलेत त्यांचे. तू तुझं काम कर. उद्या तुमच्याकडं सायेब येणार हाय ना?"

मी ठेवला. आईचा आवाज जरा वेगळा वाटला होता, पण टेस्टिंगच्या अडीचशे गोष्टी राहिल्या होत्या आणि मी मनाची समजूत घातली. त्या रात्री जेवण गेलं नाही एवढं आठवतं.

गुरुवारी सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. टेबलावर बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. मी मुद्दाम टीव्हीसमोर बसले होते, नजर घड्याळावर. दहा तेरा. दहा चौदा. लाल ओळ आली.

या वेळी फोटोत पाऊल होतं. टाच वर, बोटं मातीत, पडलेल्या माणसाचं पाऊल. त्याचा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलेला होता. तो अंगठा मी लहानपणापासून बघतेय. पेरणीच्या वेळी बैलाचा पाय पडला होता त्यावर. तसा अंगठा जगात आणखी कुणाचा असेलही, पण हा माझ्या बापाचाच होता.

मी उठले. क्रेटमधून फोन घेतला, त्या स्क्रीनचा फोटो काढला. 

निखिल मागे आला. "शीतल, साहेब मोंढ्यापर्यंत आलेत. पाच मिनिटं. ती रेड लाईन डिलीट कर आधी, प्लीज."

"तो माझ्या वडलांचा पाय आहे."

"ओके, आपण नंतर बघू. आधी डिलीट कर."

आता लिहितानाही मला लाज वाटते, पण सांगते. माझा हात माऊसवर गेला होता. सवयच तशी लागली होती. तेवढ्यात प्रवीणने माझ्या हातातून माऊस काढून घेतला आणि गाडीची चावी उचलली. "चल. मी नेतो."

निखिल म्हणाला, "प्रवीण, डेमो तुझा आहे."

"आसू दे ना बे," तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला.

पाऊण तासाचा रस्ता. मी आईला आणि अण्णांना आळीपाळीने फोन लावत होते, दोघंही उचलत नव्हते. प्रवीण जोरात गाडी हाणत होता. मला वाटत होतं, आपण पोचू आणि अण्णा बैलांना पाणी पाजत असतील, आणि मग मी नोकरी गेली म्हणून रडेन. देवाला न मानणारी मी, गाडीवर मागे बसून तेवढंच मागत होते.

छावणीत शिरलो तर सगळं शांत. टँकर आला होता, त्यामुळे सगळी माणसं घागरी घेऊन पलीकडच्या टोकाला, आईसुद्धा. आमची जागा शेवटची, कडब्याच्या गंजीच्या मागे. अण्णा टिपाडाजवळ अर्धवट पालथे पडले होते. पाऊल तसंच, टाच वर. डोळे उघडे होते. मला बघून काहीतरी म्हणाले, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द कळेना. कुणाला पत्ताच नव्हता. गंजीमुळे ते कुठूनच दिसत नव्हते.

संस्थेच्या दुधाच्या टेम्पोत घालून बीडला नेलं. अर्धांगाचा झटका. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर पडून राहिले असते तर हाती लागले नसते. मग त्यांनी विचारलं, आधी काही त्रास होत होता का? आई पदर तोंडाला लावून बोलली. मंगळवारी सकाळी चहाचा कप हातातून पडला. बुधवारी पुन्हा हात जड पडला, मग सुटला. "पोरीला फोन करू म्हणलं तर म्हणले, दोन वाजू दे. दोन वाजले तर म्हणले, आता बरं हाय, कशाला उगं तिला तरास. मला बी सांगू दिलं न्हाई." मी भिंतीला टेकून उभी होते. दोन्ही दिवस मी ती ओळ साफ केली होती, आणि मंगळवारी तर त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या.

नंतरचं थोडक्यात. निखिल फळं घेऊन दवाखान्यात आला, मनापासून आला, आणि म्हणाला, "तू आधी सांगायचं ना." मी फळं आईच्या हातात दिली. डेमो अर्धवट झाला, पण काम त्यांनाच मिळालं. प्रवीणचा महिन्याभरात निरोप समारंभ झाला, केक कापून. मी दिवाळीपर्यंत राहिले. घरात दवाखाना होता, लगेच सोडून चालण्यासारखं नव्हतं.

जायच्या आधी प्रवीणने सगळे लॉग काढले होते. छावणीतल्या स्कॅन करणाऱ्या माणसाच्या मोबाईलवर त्या तीन नोंदी नव्हत्याच. त्या आल्या होत्या आमच्या ऑफिसच्या चाचणीच्या एका जुन्या, न वापरातल्या हँडसेटवरून, आणि तो तिन्ही दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात होता. बरं, ठिकाण मात्र वडवणीचं. अण्णांकडे साधा बटणांचा फोन, त्याला कॅमेरा नाही. प्रवीणने दोन रात्री डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मला न्हाई कळालं." इतका हुशार माणूस, त्याच्या तोंडून हे मी एकदाच ऐकलं. तिसरा फोटो माझ्याकडे आहे. तो मी इथे टाकणार नाही, कुणी मागू नका. त्यात माझा बाप पडलेला आहे.

अण्णा आता बरे आहेत. उजवा हात चालत नाही, बोलणं हळू आहे, पण कळतं. मागच्या महिन्यात आईने सहज बोलता बोलता सांगितलं, की त्या तीन दिवसांत चहा झाला की ते फोन घेऊन टिपाडापाशी जाऊन बसायचे. माझा नंबर काढायचे, बघत राहायचे आणि फोन खिशात टाकायचे. वेळ विचारली तर म्हणाली, दहाच्या पुढं-मागं असेल.

मी अण्णांजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "त्या सकाळी तुम्ही माझा विचार करत होता का? खूप?"

बराच वेळ त्यांना शब्द जुळवायला लागला. मग म्हणाले, "तुजा इचार तं... रोजच आस्तोय, माय."

मग रोज का नाही आली ती ओळ, आणि त्या तीन दिवशीच कशी आली... मला अजून सांगता येत नाही.