आबांच्या काट्यावर

नाशिकला निघाले त्या दिवशी मला कांद्याच्या काट्यावर बसवलं होतं. सटाण्याजवळचं आमचं गाव, साल त्र्याहत्तर, नुकतंच लग्न झालेलं. एसटीला वेळ होता आणि खळ्यात तीन बल्ल्यांना मोठा तराजू टांगून गोण्यांची वजनं चालली होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हसत म्हणाले, "बस वं पोरी पारडामा." नव्या शालूत मी मांडी घालून बसले. बेचाळीस किलो. आबांनी कोळशाने कांदाचाळीच्या खांबावर आकडा लिहिला. माय डोळे पुसत म्हणाली, "अंगवर जरा मांस धर. तिकडे लोके हसतीन."

पोरींनो, मायचं एवढं एकच सांगणं मी मनापासून पाळलं.

नाशिकरोडला दोन खोल्या. तुमचे आजोबा साडेनऊला ऑफिसला गेले की मी आणि चार भिंती. गावी पहाटेपासून शेण, पाणी, निंदणी, भाकरी. इथे नळ घरात, पीठ गिरणीतून, दहालाच कामं संपलेली. मी खिडकीत जायची, दारात यायची, पुन्हा खिडकीत. हातांना काम नाही म्हणून तोंडाला दिलं. डब्यातला चिवडा, चहात बुडवून पाव, वनस्पती तुपातला शिरा. बाजरी तर मी घरात येऊच दिली नाही. वरच्या मजल्यावरच्या लेले वहिनी पोळ्या करायच्या, मग मी काय भाकऱ्या थापणार? मोठी शहरी बाई झाले होते ना! चार पावलांवर भाजीबाजार, तिथेही रिक्षाने जायची.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं. आमच्याकडे त्या सणाला लेकी येतातच. झोका, आमरस, खापरावरची पुरणपोळी, आणि आबांचा काटा. एक्कावन्न, एकोणसाठ, अडुसष्ट. खांबावर आकडे वर चढत गेले आणि आबांची मान ताठ होत गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला खांब दाखवायचे, "पोर सुखी शे." मीही पारड्यात अशी बसायची, जणू निवडणूक जिंकून आलेय. सुखी होते का? कोण जाणे. ब्लाउजच्या शिवणी उसवत होत्या आणि दुपार सरता सरत नव्हती, एवढं आठवतं.

ऐंशी साली एकोणऐंशी भरले. त्याच पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर लेले वहिनींना वाटी द्यायला गेले आणि मधल्या पायरीवरच बसले. छाती भात्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, लघवी तपासली, म्हणाल्या, साखर उंबरठ्यावर आहे. मला वाटलं आता उपास सांगतील. त्यांनी विचारलं, "माहेरी काय खात होता?" मी लाजत सांगितलं: बाजरीची भाकरी, मुगाची डाळ, मेथी, कच्चा कांदा, ताक. "मग तेच खा की. आणि रिक्षा सोडा."

सात वर्षं ज्या भाकरीची लाज वाटली, ती औषध म्हणून परत आली. पहिली तर थापताना तुटली. हात विसरले होते. पण दुपारी बाजारात चालत जायचं, निवडायला पालेभाजी आणायची, यात ती मेली दुपार थोडी तरी सरायला लागली. पुढच्या आखाजीपर्यंत पंधरा किलो उतरले.

आणि मग जीव घाबरा झाला. आदल्याच वर्षी आमच्या गल्लीतली एक लेक वाळून आली होती. "सासरी उपाशी ठेवतात" म्हणून तिच्या बापाने तिला परत धाडलीच नाही. आता आबा खांब बघणार, मला बघणार, आणि ठपका बसणार तुमच्या गरीब आजोबांवर. एसटीत मला एक क्षण नीट बसवेना.

मग मी अक्कल चालवली. सगळे जेवत होते तेव्हा खळ्यातल्या वजनांच्या ढिगातून पाच किलोचं उचललं आणि लुगड्याच्या आत कमरेला घट्ट बांधलं. उतरले पंधरा, बांधले पाच. हिशेबात मी तेव्हाही कच्चीच. पारड्यात बसले. आबांनी पन्नासचं टाकलं, दहाचं टाकलं. मग हात थांबला.

"पाचनं वजन कोठे गयं?"

सगळं घर शोधायला लागलं. भाऊ गोण्या हलवतोय, वहिनी गोठ्यात बघतेय, आबा गड्यावर ओरडताहेत, आणि मी पारड्यात लोंबकळत, घामाघूम. इतकी वजनं त्या ढिगात, आणि मी नेमकं त्यांना लागणारंच चोरलं होतं. उतरायला गेले, गाठ सुटली, आणि ते दणकन पारड्यात पडलं.

कुणी हसलं नाही. माय जवळ आली, माझं मनगट चाचपलं. "खरं सांग, जावई तुले पोटभर खावाले देस ना?"

मी रडत सगळं सांगितलं: पायरी, डॉक्टरीण, भाकरी. आबांनी चाळीतला एक कांदा काढून हातात झेलला.

"वला कांदा काट्यावर भारी. चाळमा टाका ते सडी जास. सुकेल हलका, पन टिकस." आणि मायला म्हणाले, "पोर सुकेल शे, सडेल नई. चाल, तिले भाकर टाक."

खांबावर त्यांनी चौसष्ट लिहिलं. निघताना दरवेळच्या तुपाच्या डब्याऐवजी एसटीच्या टपावर बाजरीची गोणी चढली, आणि माझ्या पिशवीत त्यांनी ते पाच किलोचं वजन टाकलं. "पुढला साल नाशिकथीनच बांधी ये."

आबा गेले, काटा गेला, चाळीच्या जागी भावाचा बंगला उभा आहे. माझा पाय अजूनही घरात ठरत नाही. खिडकी, दार, पुन्हा खिडकी, हे चालूच आहे. तुम्ही परदेशातून फोनवर मला नवनवे काटे दाखवता, "आजी, दोन किलो कमी!" मी वा वा म्हणते आणि लगेच तुमचं मनगट बघायला चष्मा शोधते. आपलं वजन उतरलेलं पाहून जे आधी आपलं मनगट चाचपतात, त्यांच्याजवळ माझं घर आहे. मग ते सटाण्याला असो, नाशिकला, नाहीतर तुमच्या त्या बर्फात. आबांचं वजन माझ्या दाराशी असतं. त्याने दार उघडं राहतं. आलात की ठेच लागेल, जपून या.