कोपराचं माप

मला पाचवा महिना लागला तेव्हा सुईणीनं बजावलं, "उकिडवं बसायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही." सासूबाईंनी ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. आदल्या वर्षी सहाव्या महिन्यात माझं मूल गेलं होतं, त्यामुळे या खेपेला सुईणीचा शब्द घरात कायदाच झाला. मी मान डोलावली. पण मनात पहिला विचार आला तो हा, की आता मोटारसायकलची साखळी कोण धुणार?

दुसरं महायुद्ध संपून आठ-दहा वर्षं झाली होती. आम्ही पनवेलला, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर भाड्यानं राहत होतो. माझे यजमान मिठागरांवर देखरेखीच्या नोकरीत होते. त्यांची मोटारसायकल लष्करी लिलावातली, चांगली चार मण वजनाची. खरवडलं की आतून हिरवा रंग दिसायचा. दिवसभर ती बांधांवरून फिरे आणि संध्याकाळी खाऱ्या चिखलानं माखून अंगणात उभी राही. मीठ लोखंडाला किती लवकर खातं हे मी तेव्हा शिकले. आठवड्यातून एकदा साखळी काढून रॉकेलमध्ये धुतली नाही, तर तिचे दुवे धरून बसत.

सुरुवातीला हे सगळं तेच करायचे, पण त्यांच्या हाताला दम नव्हता. नट फिरला नाही की जोर लावायचे आणि आटे घालवून बसायचे. एका रविवारी कार्बुरेटरचे तुकडे पाटावर तसेच टाकून ते रागारागानं आंघोळीला गेले. माझं शिवणयंत्र मी कितीदा तरी खोलून साफ केलं होतं. ते बाहेर येईपर्यंत मी कार्बुरेटर जोडून ठेवला होता. तेव्हापासून ते काम माझं झालं. बाहेर मात्र कुणाला माहीत नव्हतं. कचेरीतली माणसं घरी आली की हे म्हणायचे, "रविवार माझा गाडीत जातो." मी आतून चहा पाठवायची.

मूल गेल्यानंतर तर मला एका जागी बसवतच नसे. भाजी अर्धी निवडून उठायची, दारात जायची, परत यायची. झोपेतसुद्धा पाय हलतात, असं सासूबाई म्हणत. फक्त इंजिनापाशी बसलं की दोन तास डोक्यात दुसरं काही येत नसे. आता तेही बंद झालं होतं.

"मला खाली वाकायची बंदी आहे ना?" मी यांना म्हटलं. "मग गाडीच वर घेऊ या."

"वर म्हणजे कुठे?"

तिथून शोध सुरू झाला. पहिल्यांदा घराचं जोतं पाहिलं. ते गुडघाभर उंच होतं. फळी लावून गाडी वर चढवली, पण एक बाजू भिंतीला लागली आणि साखळी नेमकी त्याच बाजूला. गाडी उलटी फिरवली तर हँडल खांबाला अडलं. यांनी मोटार गॅरेजातला खड्डा पाहून ठेवला होता. मग ते म्हणाले, "अंगणात चर खणू. गाडी काठावर राहील, तू चरात उभी राहा. वाकायला नको."

सासूबाई आत तांदूळ पाखडत होत्या, त्या सुपासकट बाहेर आल्या. "पोटुशी बाई घरात असताना दारात खड्डा खणतात? शुद्धीवर आहेस का?"

"आई, गाडीसाठी खणतोय."

"कशासाठीही असो. माझ्या अंगणात कुदळ लागणार नाही."

मलाही त्या खड्ड्याचा विचार सोसला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मला सासूबाईंचं पटलं.

तिसरा उपाय लोहाराचा. त्यानं इंजिनाखाली बसेल अशी चार पायांची लोखंडी घोडी करून दिली. यांनी आणि लोहारानं मिळून गाडी उचलून तिच्यावर ठेवली. दिसायला झकास. लोहार गेला. मी मागच्या चाकाच्या नटाला पाना लावून जरा दाबला, तशी गाडी डुलली. "मागे हो!" हे ओरडले. मी मागे झाले. त्यांनी पुढे होऊन गाडी धरायला पाहिलं, आणि ती त्यांच्या पावलावर आली.

सासूबाई धावत आल्या त्या मुलाला ओलांडून माझ्याकडे. माझे दोन्ही दंड धरून विचारत राहिल्या, "तुला लागलं का? सांग, कुठे लागलं का?" हे जमिनीवर अंगठा धरून बसलेले. अंगठ्याचं हाड मोडलं होतं.

मग तीन आठवडे हे घरात, मीही घरात, आणि मला सहावा महिना लागलेला. बाळ हललं की भीती वाटे, हललं नाही की जास्त भीती वाटे. हे पाय उशीवर ठेवून कागदावर टेबलाची चित्रं काढायचे. गाडी चढवायला मोठं लाकडी टेबल करायचं, इथपर्यंत आमचं एकमत होतं. पण त्यांच्या प्रत्येक चित्रात उंची त्यांच्या कमरेइतकी होती, आणि ते माझ्यापेक्षा वीतभर उंच.

"इतक्या उंचीवर माझा हात कसा पोचेल?" मी विचारलं.

"आत्ता तू करशील. पुढे मलाच करायचंय ना?" ते कागदावरून नजर न उचलता म्हणाले.

मी चप्पल घातली आणि बाहेर पडले. चालायला सुईणीची मनाई नव्हती.

बंदरावर ओहोटी होती. किनाऱ्याच्या उतारावर दोन मोठ्या ओंडक्यांवर एक मचवा, म्हणजे मोठी होडी, ओढून घेतला होता आणि दोघं जण फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासत होते. दोघंही ताठ उभे. मचव्याचं पोट बरोबर त्यांच्या छातीसमोर. एवढं मोठं धूड त्यांनी उचललं नव्हतं, उतारावरून ओढून आपल्या हाताशी आणलं होतं. मी बराच वेळ बघत राहिले. शेवटी त्यातल्या म्हाताऱ्या सुतारानं विचारलं, "काय बगताव, बाई?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो जवळच्या रोडपाली गावचा होता. मोटारसायकलला त्यानं कधी हात लावला नव्हता. पण गाडी किती लांब, वजन किती, चाकं किती रुंद, असं एकेक विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी घेऊन घरी हजर झाला.

यांनी त्याच्यासमोर आपला कागद ठेवला. सुतारानं तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "साहेब, ह्यावं काम कोन करनार हाय?"

यांनी कागदाची घडी घातली. दारात सासूबाई उभ्या होत्या. मी भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. यांच्या तोंडून काय निघतं याची मला इतकी धाकधूक कशाला व्हावी, तेच कळेना.

"ही करते," ते म्हणाले. मग घसा साफ करून पुन्हा, जरा मोठ्यानं, "गाडीचं सगळं काम हीच करते. पहिल्यापासून."

"मंग तुमचा माप कशाला घेव?" सुतार सहज म्हणाला. त्यानं मला सरळ उभं केलं, कोपरात हात दुमडायला सांगितला आणि कोपरापासून जमिनीपर्यंत दोरी सोडून तिला गाठ मारली. मग गाडीपाशी बसून इंजिन जमिनीपासून किती वर आहे ते त्याच दोरीवर मोजून वजा केलं. उरली तेवढी टेबलाची उंची, दीड हाताच्या आसपास.

"एवढंच?" हे म्हणाले.

"एवराच. जास्ती उंच केला त चरावाची फली लांब लागंल, नि गारी परंल."

जुन्या मचव्याच्या सागवानी फळ्या त्यानं वापरल्या. पुढच्या चाकाला बसायला खाच केली, दोन्ही बाजूंना दोर बांधायला कड्या ठोकल्या आणि चढावाची फळी इतकी लांब ठेवली की ती अंगण ओलांडून तुळशीपर्यंत गेली. सासूबाईंनी तुळस दोन हात सरकवून घेतली.

टेबल तयार झालं तेव्हा मला सातवा लागून चार दिवस झाले होते. यांचा पाय आता जमिनीला टेकत होता. त्यांनी गाडी चालू केली, पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि शेजारून चालत ती हळूहळू फळीवरून वर नेली. सुतारानं दोर बांधले आणि हँडल धरून गदागदा हलवलं. गाडी जागची हलली नाही. मी पाना घेतला. साखळी अगदी डोळ्यांखाली होती. दोन महिन्यांत तिचे निम्मे दुवे गंजले होते. एकेक सोडवायला मला दुपार झाली. पाठ दुखली नाही. मध्ये एकदा बाळानं लाथ मारली, तेव्हा मी थांबले, पण घाबरले नाही. सासूबाईंनी बाहेर स्टूल आणून ठेवलं. मी बसले नाही, तसं त्यांनी ते परत आत नेलं.

आठव्या महिन्यात मी पेणला माहेरी गेले. तिथे मुलगी झाली. यांचं कार्ड आलं, त्यात मुलीचं वजन विचारलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'व्हॉल्व्हचा आवाज वाढला आहे. मी हात लावलेला नाही.'

परत आल्यावर पंधरा-वीस दिवसांत त्यांचे वरिष्ठ घरी आले. स्वतःच्या मोटारसायकलवरून. गाडी दारात आचके देऊन बंद पडली. "तुम्ही यातले जाणते आहात," ते यांना म्हणाले, "जरा बघा बरं."

मी आत मुलीला पाजत होते. बाहेरून यांचा आवाज आला, "मी नाही, साहेब. आमच्या घरात विचारावं लागेल." आणि त्यांनी मला हाक मारली. मी मुलीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि बाहेर गेले. प्लगवर काजळी धरली होती. साफ करायला पाच मिनिटंही लागली नाहीत.