हाताचे लाड

लाड हा आमच्या बँडच्या मास्तरांचा आवडता शब्द. सरावाच्या मध्येच कुणी पाणी प्यायला उठलं की ते घशाचे लाड, बूट चावतोय म्हणालं की पायाचे लाड. मी वाद्याला चामड्याचा पट्टा लावून आलो तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हाताचे लाड सुरू झाले वाटतं!" मी म्हणालो, "हो मास्तर, लाडच आहेत." तिथून आमचं बिनसलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी निघोज्याचा, पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर कामाला होतो. कंपनीने कामगारांचा बँड काढला, पितळी वाद्यं आणली आणि शिकवायला फौजेच्या बँडातून निवृत्त झालेले हे मास्तर ठेवले. शिफ्ट सुटली की कँटीनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव चाले. माझ्या वाट्याला युफोनियम आलं. फुंकून वाजवायचं हे भलं मोठं वाद्य तान्ह्या पोरासारखं पोटाशी कवेत धरायचं, उजव्या हाताने बटणं दाबायची आणि सगळा भार डाव्या हातावर पेलायचा. फरक एवढाच की पोर रडलं तर आजीकडे देता येतं.

माझा डावा हात तिथे पोचेपर्यंत आधीच पिळून निघालेला असे. लेथचं चाक दिवसभर त्याच हाताने फिरवायचं. संध्याकाळी वाद्य उचललं की मनगटातून जी कळ निघे ती थेट कोपरापर्यंत. त्यात घाम आला की पितळ हातात ठरत नाही. एकदा सरावात वाद्य घसरलं, तोंडाशी धरलेली नळी दातावर आदळली आणि पुढच्या दाताचा कोपराच उडाला. मास्तरांनी रक्त पाहिलं आणि म्हणाले, "पकड घट्ट ठेव." मग स्वतःचा डावा अंगठा पुढे केला. त्यावर हा एवढा घट्टा पडला होता. "ही माझी कमाई," ते म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला त्या अंगठ्याचं कौतुक वाटलं नाही. इतकी वर्षं हात दुखला आणि या माणसाने काही करून पाहिलं नाही, याचाच राग आला.

चाकणच्या बाजारात बैलांच्या गळ्यातले पट्टे शिवणारा एक म्हातारा बसायचा. त्याच्यापुढे मी पंजा पसरला. त्याने सुतळीने माप घेतलं आणि मग दचकून विचारलं, "आरं, बैल केवढासा हाय तुझा?"

"बैल न्हाई, बाजा हाय," मी म्हणालो. तो पोट धरधरून हसला, पण पट्टा झकास शिवून दिला.

पट्टा बकलांनी नळीला बसायचा. त्याखालून हात सरकवला की बोटं सैल सोडली तरी वाद्य जागचं हलत नसे. पट्टा लावून आलो त्या दिवशी मी अख्खी गत पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवली आणि मनगटाची आठवणसुद्धा झाली नाही. ढोलवाला म्हणाला, "काय राव, पोळ्याला निघालास का?" सगळे हसले, मीही हसलो. मास्तर मात्र हसले नाहीत. "खंडेनवमीच्या आत हे काढून टाक," ते म्हणाले. "बँडमध्ये सगळ्यांचे हात सारखे दिसले पाहिजेत. नाहीतर रांगेत उभं राहायचं नाही."

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा व्हायची आणि वर्षातून त्या एकाच दिवशी घरच्यांना गेटच्या आत सोडत. माझी बायको पहिल्यांदाच येणार होती. गत माझ्या वाद्यापासून सुरू होते, बाकीचे मागून उचलतात, हे मी तिला इतक्यांदा सांगितलं होतं की तीच वैतागली होती. म्हणजे पट्टा काढला नाही तर तिच्यासमोर शोभा होणार होती. एका दिवसापुरता काढ की, असं मित्र म्हणत होते. पण एका दिवसापुरता काढलेला पट्टा पुन्हा चढत नाही, एवढी अक्कल मला कंपनीत राहून आली होती.

त्या सकाळी लेथांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आमची वाद्यं सतरंजीवर पूजेला मांडली होती. मास्तर माझ्या युफोनियमपाशी थांबले. "पूजेत चामडं चालत नाही. काढ ते."

"मग आधी ढोल उचला मास्तर," मी म्हणालो. "तो काय मांजरपाटाचा आहे?"

मोठे साहेब नारळ हातात धरून उभे होते, तेसुद्धा हसले. मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. "रांगेच्या बाहेर हो!" ते ओरडले.

मी वाद्य उचललं आणि बाहेर झालो. जवळच माझा लेथ होता, तिथे बायको उभी होती. "काय झालं वो?" तिने विचारलं.

"पट्टा काढ म्हणतात."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. जेवणं झाली की ती तेल लावून रोज तोच हात चोळून द्यायची. "हात तुमचा हाय," ती म्हणाली, "त्येंचा न्हाई."

नारळ फुटला. बाकीच्यांनी सतरंजीवरची वाद्यं उचलली. मास्तरांनी सुरुवातीची खूण करायला हात वर केला आणि तो तसाच राहिला, कारण गत सुरू करणारा माणूस त्यांनीच बाहेर काढला होता. रागाच्या भरात ते विसरले होते. मला रांगेबाहेर हो म्हणाले होते, वाजवू नको म्हणाले नव्हते. मी लेथला पाठ टेकवली, पट्ट्यात हात सरकवला आणि छाती भरून फुंकलं. बाकीच्यांनी सवयीने गत उचलली. मास्तरांना हात हलवत राहावं लागलं. काय वाजवलं त्या दिवशी मी!

कार्यक्रम संपल्यावर मास्तरांनी मला वाद्य स्टोअरमध्ये जमा करायला सांगितलं. उद्यापासून सरावाला यायचं नव्हतं. मी वाद्य पुसलं, बकलं सोडली, पट्टा खिशात घातला. वाईट वाटलं, फार वाटलं, त्या वाद्यावर माझा जीव होता. मास्तरांचा आवाजही खाली आला होता.

"एवढ्याशा पट्ट्यासाठी बँड घालवलास," ते म्हणाले.

"एवढासाच होता ना, मास्तर?" मी म्हणालो. "मग राहू द्यायचा होता."