रूथ आजींनी मिटलेली डिरेक्टरी

मंडळी, आज दुपारी आपल्या मंडळाची २००३ची डिरेक्टरी पोस्टाने आली. शॉमबर्गमधल्या सगळ्या मराठी घरांची नावं, पत्ते, मुलांच्या शाळा त्यात आहेत. शेजारच्या रूथ आजी चहाला आल्या होत्या, त्यांना मी कौतुकाने दाखवली.

त्या ज्यू, जर्मनीतल्या वर्म्सच्या. तिथल्या जुन्या कॅथेड्रलच्या गावात त्यांची माणसं शेकडो वर्षं राहिली.

पानं उलटताना त्यांचा चहा गार झाला.

"अशी यादी माझे वडीलही करायचे, सणाला शुभेच्छा पाठवायला," त्या म्हणाल्या. "मग तीच यादी हातात धरून लोकांनी आमची दारं वाजवली." त्यांनी डिरेक्टरी मिटून ठेवली.

आम्हाला या देशात येऊन सहाच वर्षं झालीत. शाळांचा कॉलम मीच सुचवला होता.

ही डिरेक्टरी आणखी कुणाकुणाच्या हातात आहे, कुणी सांगू शकेल?