शेजाऱ्यानं निवडलेली बोट

अमेरिकेत बॉथेलला माझ्या मुलाशेजारी नागपूरचा एकजण राहतो. फिरायला जायचं ठरलं की नकाशा पसरून बसतो आणि सगळ्यात लांबची ट्रिप निवडतो. यंदा अलास्काला बर्फाचे डोंगर नि देवमासे बोटीतून बघायचं ठरलं.

फार वर्षांपूर्वी पुरात होडी उलटली आणि माझी बहीण डोळ्यांदेखत गेली. मुलाला मी हे कधी सांगितलं नाही. बोटीचं ठरतानाही सांगितलं नाही, पण हातातला कप बशीवर वाजायला लागला. शेजाऱ्यानं बघितलं.

"यार, खाडीतलीच छोटी ट्रिप बुक कर. मोठ्या समुद्राची मला भीती वाटते."

"तुला? घाबरट!" मुलगा हसला.

"घाबरट तर घाबरट."

धक्क्यावर मी बोटीपाशी अडखळले. शेजारी आधी चढला, तोंड दुसरीकडं केलं आणि हात मागं धरला. मी तो घट्ट पकडला.