ऑगस्टचा गोलकीपर

संग्राम इंगवले वर्षातून एकच महिना गोलकीपर असायचा. उरलेले अकरा महिने तो आखातात, जबल अलीतल्या एका ॲल्युमिनियमच्या कंपनीत स्टोअर इन्चार्ज होता. खिडक्यांच्या चौकटी मोजून ट्रकवर चढवायच्या, ट्रक गेला की पुढच्या ट्रकची वाट बघायची. ऑगस्ट उजाडला की मात्र हमदुल्लाचा फोन यायचा, "संग्राम भाई, ग्लव्ज निकालो."

हमदुल्ला हा शारजाजवळच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात सामान सांभाळायचा. बूट, जर्सी, बर्फाची पेटी, सगळं त्याच्या अंगावर. कंपन्यांच्या शुक्रवारच्या, म्हणजे सुट्टीच्या दिवशीच्या, स्पर्धेत त्यानं संग्रामला एकदा पाहिलं आणि नंबर लिहून घेतला. क्लबाची अडचण साधी होती. लीग सुरू व्हायच्या आधी महिनाभर सरावाचे सामने असतात. त्यांना फ्रेंडली म्हणतात, म्हणजे त्यांचा निकाल कुणी धरत नाही. नेमका त्याच वेळी पहिला गोलकीपर देशाच्या संघाबरोबर बाहेर, दुसरा कुठं तरी दुखावलेला. मग गोलात उभं कोण राहणार? लीगमध्ये गोलात इथलाच नागरिक लागतो. परदेशी खेळाडू मोजकेच, तेही गोल मारायला आणलेले. संग्रामला पंख फुटले असते तरी लीगच्या मॅचमध्ये त्याला कुणी उभं केलं नसतं. पण ऑगस्टमध्ये नियम झोपलेले असतात. ऑगस्टमध्ये कुणीही चालतं.

आणि हा गडी कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलेला. कोल्हापुरात मैत्रीपूर्ण सामना ही गोष्ट फक्त पोस्टरवर असते. मैदानात उतरलं की शेजारची पेठ ही शेजारची पेठ असते, आणि हरून परत आलेल्या पोराकडं चहाच्या गाडीवाला पण बघत नाही. संग्रामला हळू खेळता यायचंच नाही. पहिल्या वर्षी त्यानं एका कॉर्नर किकवर स्वतःच्याच बचावपटूला आडवा केला होता. पोरगा बिचारा उठून हसला, "ब्रदर, फ्रेंडली!" संग्रामनं त्याला हात दिला आणि पुढच्या किकला पुन्हा तेच केलं.

क्लबाकडून त्याला मिळायचं काय, तर एक जुनी जर्सी आणि मॅचनंतरचं जेवण. त्यात त्याची तक्रार नव्हती. बायकोची, शर्वाणीची होती. ती म्हणायची, लोकांच्यात नवऱ्याला कामावरून यायला उशीर झाला म्हणून भांडणं होतात, आमच्याकडं फुकटच्या चेंडूमागं. तरी शारजातल्या अल मजाज भागात, त्यांच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये ती ग्लव्ज स्वतः धुवायची आणि तळ्याकडच्या खिडकीत वाळत घालायची.

मग मंदी आली. अमेरिकेत कुणाच्या तरी घराचे हप्ते थकले आणि जबल अलीत खिडक्या लागेनाशा झाल्या. ज्या टॉवरला चौकटी जायच्या तो अकराव्या मजल्यावर थांबला तो थांबलाच. कंपनीनं आधी ड्रायव्हर काढले, मग फिटर. मग एका सकाळी एचआरच्या बाईनं संग्रामला बसायला खुर्ची दिली. त्या कंपनीत खुर्ची मिळाली की माणूस गेला, हे सगळ्यांना माहीत होतं.

व्हिसा रद्द झाला की महिन्याभराची मुदत. तेवढ्यात नवं काम मिळालं तर ठीक, नाही तर तिघांनी सामान बांधायचं. मुलगी शुभ्रा दुसरीत होती. तिला कोल्हापूर म्हणजे आजीचं गाव आणि डास, एवढंच ठाऊक. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. संग्राम सीव्ही घेऊन फिरला. जिथं जावं तिथं सोफ्यावर त्याच्यासारखेच पाच जण, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

आणि अशात क्लबाच्या नव्या कोचनं एक वाक्य बोलून ठेवलं होतं. कोच युरोपातला, उंच, कमी बोलणारा. क्लबाच्या लहान मुलांच्या संघांना गोलकीपिंग शिकवायला त्याला एक मदतनीस हवा होता. पगारी, व्हिसासकट. त्यानं संग्रामला म्हटलं होतं, ऑगस्टच्या सामन्यांत बघतो तुला. बस, एवढंच. पण ज्याचे बाकीचे सगळे दरवाजे बंद झालेत त्याला एवढं पुष्कळ होतं. शर्वाणीनं देवापुढं नवस बोलला. काय, ते सांगितलं नाही.

पहिले दोन सामने त्यानं जीव तोडून खेळले. सूर्य मावळल्यावरसुद्धा हवा अशी की ग्लव्ज पिळले तर पाणी निघावं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन भाग, मध्ये बर्फाचे टॉवेल, हवे तेवढे खेळाडू बदला, शिट्टी क्लबाच्याच कुणाच्या तरी तोंडात. स्कोअरबोर्ड बंद. कोच गोलामागं खुर्ची टाकून बसायचा. टाळी नाही, मान हलवणं नाही.

तिसऱ्या सामन्याला मात्र मैदानाचं रूप पालटलं. क्लबानं बाहेरून नवा स्ट्रायकर आणला होता, मोठ्या नावाचा. त्याला दाखवायला प्रायोजक आले होते, सोफे मांडले होते, फोटोवाले होते. समोरचा संघ डोंगराकडचा, दुसऱ्या डिव्हिजनचा. त्यांचा एकुलता गोलकीपर उकाड्यानं बसमध्येच ओकायला लागला. मग फ्रेंडलीच्या रिवाजाप्रमाणं क्लबानं आपला गोलकीपर त्यांना उसना दिला. म्हणजे संग्राम. आता तो समोरच्यांच्या गोलात, आणि नवा स्ट्रायकर त्याच्या अंगावर येणार.

आला. तीन वेळा आला. पहिल्यांदा संग्रामनं पायांत उडी घेऊन चेंडू काढला. दुसऱ्यांदा बोटांच्या टोकानं बारवरून घालवला. तिसऱ्यांदा दोघं समोरासमोर होते आणि स्ट्रायकरच घाबरून बाहेर मारून बसला. सोफ्यांवर कुजबुज झाली. डोंगराकडची पोरं संग्रामच्या पाठीवर थापा मारायला लागली, जणू तो त्यांच्याच गावचा.

दुसऱ्या भागानंतर टॉवेल घेऊन हमदुल्ला आला, आणि त्याच्या मागं क्लबाचा मॅनेजर. अंगात पांढरीशुभ्र कंदुरा, म्हणजे अरबी पायघोळ झगा, आणि हातात तीन फोन. गोड माणूस. त्यानं संग्रामच्या खांद्यावर हात ठेवला.

"हबीबी, मेहमान आए हैं. एक गोल तो बनता है. फ्रेंडली है."

संग्राम ग्लव्ज पिळायला लागला.

"तुम्हारा वो कोचिंगवाला काम," मॅनेजर म्हणाला, "इन्शाल्ला हो जाएगा."

इथं चार वर्षं काढलेल्या माणसाला इन्शाल्लाचे प्रकार कळायला हवेत. मशिदीतलं वेगळं, घरातलं वेगळं, आणि ऑफिसातलं तर फारच वेगळं. ऑफिसातलं ऐकलं की शहाणा माणूस दुसरीकडं अर्ज टाकतो. संग्रामला ते कळत होतं. पण त्या दिवशी त्यानं तो शब्द पक्क्या वचनासारखा खिशात टाकला. गरज असली की माणूस स्वतःच्या कानांनाही लाच देतो.

हमदुल्लानं टॉवेल उचलताना जमिनीकडं बघत म्हटलं, "जैसा दिल बोले, भाई." त्याला एवढंच बोलणं परवडत होतं.

तिसऱ्या भागात शिट्टीवाल्यानं कशाचं काय करून पेनल्टी दिली. कुणी कुणाला धक्काही लावला नव्हता. स्ट्रायकरनं चेंडू ठेवला, मागं गेला, धावत आला. संग्रामनं त्याचा चेंडूशेजारी टेकलेला पाय बघितला. पाय सांगत होता, उजवीकडं. गोलकीपरला असं दिसणं हे वर्षभरात एखाद-दोन वेळा घडतं, आणि दिसलं की अंग आपोआप निघतं. संग्रामनं निघालेलं अंग आवरलं आणि डावीकडं उडी मारली. उडी छान मारली. सोफेवाले उभे राहिले, फोटो निघाले, स्ट्रायकरनं आकाशाकडं बोट केलं. डोंगराकडच्या पोरांनी लांबूनच हात हलवला, असू दे म्हणून.

घरी येऊन त्यानं शर्वाणीला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, काम झालं समज.

"एक गोलच खाल्लात ना?" ती म्हणाली. "आपण काय काय खाऊन बसलोय इथं. जेवा आता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला कोचनं बोलावलं. मैदानावर पाणी मारणं चालू होतं. कोचनं त्याला बसायला सांगितलं नाही, म्हणून संग्रामला आधी बरंच वाटलं.

कोच सरळ मुद्द्यावर आला. तुला दिसलं होतं, तो म्हणाला. मी मागंच बसलो होतो. तुझं वजन उजव्या पायावर गेलं आणि तू ते परत घेतलंस.

संग्रामनं नाही म्हणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग म्हणाला, "मॅनेजरनं सांगितलं होतं."

"मलाही सांगतो. दर आठवड्याला."

"मग? ऐकत नाहीस?"

"नाही. म्हणून दर वर्षी नव्या देशात असतो."

कोचचं म्हणणं असं की लीगमध्ये सगळेच लढतात. तिथं गुण असतात, कप असतो, पेपरात नाव असतं. ज्या मॅचची कुठं नोंद नाही तिथंच कोण कसा आहे ते कळतं, आणि हे सामने खेळायचे ते तेवढ्यासाठीच. लहान मुलं तो अशा माणसाच्या हातात देऊ शकत नव्हता जो ऑगस्टमध्ये बाजूला होतो. हे सगळं तो शांतपणे बोलला, वैऱ्यासारखा नाही. त्यामुळं जास्त लागलं.

संग्रामचं डोकं फिरलं. इतके दिवस जे गिळलं होतं ते बाहेर आलं, मोडक्या इंग्रजीत, मध्ये हिंदी घालून. "तुला एक देश सुटला की दुसरा मिळतो, साहेब. तुझा पासपोर्ट तसला आहे. माझ्या पोरीला महिना संपला की शाळा नाही. तू माझी परीक्षा घेतोस? माझ्या जागी उभा राहा आणि मग मार उजवीकडं उडी."

"बरोबर आहे तुझं," कोच म्हणाला. आणि तरीही काम दिलं नाही.

मॅनेजरला फोन लावला तर पहिल्या फोनवर उत्तर नाही, दुसऱ्यावर नाही. तिसरा उचलला गेला. "कोच का डिसीजन है, हबीबी. खलास." आवाज तितकाच गोड.

पेपरात फोटो आला. मोठ्या नावाचा स्ट्रायकर, पहिला गोल, आणि मागं एक गोलकीपर भलतीकडं आडवा. खाली त्याचं नाव नव्हतं, पण शुभ्रानं जर्सीवरून ओळखलं. तिनं फोटोवर बोट ठेवलं.

"बाबा, यू वेंट द राँग वे."

शर्वाणीनं पेपर उचलला आणि त्यावर मेथी निवडायला घेतली.

मुदत संपायच्या आत जबल अलीतल्याच एका गोदामात त्याला काम मिळालं. पण निम्म्या पगाराचं, आणि तेवढ्या पगारावर बायकोपोरीचा व्हिसा होत नाही. विमानतळावर शर्वाणी रडली नाही. तिनं त्याला एवढंच सांगितलं की कुकरची शिट्टी सैल आहे, बघून वापरा. मग तिला आठवलं की तो आता कंपनीच्या कॅम्पवर, कामगारांच्या खोल्यांत राहणार, कुकर कुठला. तेव्हा रडली.

ज्यांच्यासाठी हे सगळं झालं त्यांचं काय झालं, तेही ऐकून घ्या. कोचला दिवाळीच्या आसपास काढलं. स्ट्रायकरनं लीगमध्ये धड गोल मारला नाही. हिवाळ्यात क्लबानं त्यालाही निरोप दिला. मॅनेजर तिथंच आहे.

पुढच्या ऑगस्टमध्ये हमदुल्लाचा फोन आला. कॅम्पवरच्या पोरांनी संग्रामला वेड्यात काढलं. दिवसभर गोदामात भाजायचं आणि वर फुकट खेळायला जायचं, आणि ते असल्या मॅचमध्ये जी मॅचच नाही. संग्राम दोन बस बदलून गेला. नवा कोच बाकावर फोनवर बोलत होता. सोफे नव्हते, फोटोवाले नव्हते. संग्राम पहिल्या मिनिटापासून असा खेळला की जणू तालमीची फायनल आहे. पायांत उड्या, कोपर, शिव्या. एक पेनल्टीही अडवली. शेवटी एका पोराला त्यानं इतक्या जोरात आडवा केला की तो लंगडत बाहेर गेला, आणि शिट्टीवाल्यानं संग्रामची बदली करायला लावली.

"भाई, फ्रेंडली थी," हमदुल्ला बर्फ देताना म्हणाला. पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, हेही त्यानं हळूच सांगितलं. कोच फोनवरच होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. संग्रामनं कॅम्पच्या भिंतीला टेकून कोल्हापूरला फोन लावला. फोन शुभ्रानं घेतला. वर्षभरात तिचं इंग्रजी कुठल्या कुठं गेलं होतं.

"आई म्हणली तुमची मॅच होती. कोण जिंकलं?"

"ते मोजत नाहीत," संग्राम म्हणाला. "असल्या मॅचचं कुणी धरत नाही."

"मग खेळलासा कशाला?"

त्यानं आईला फोन दे म्हणून सांगितलं.