दादाचं ग्राफिक्स कार्ड

माझ्या मोठ्या भावाला दिसत नाही. लहानपणी तापात डोळे गेले. मुलाखती, बैठका यांची रेकॉर्डिंग ऐकून तो टाइप करून देतो. कॉम्प्युटर त्याला पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो, तेही इतक्या भरभर की मला शेजारी भांडण चालल्यासारखं वाटतं.

मशीन हल्ली रेंगाळायचं, म्हणून दादाने रॅम आणली. ती बसवायला आमच्या ह्यांना बोलावलं आणि तिथेच घोळ झाला. ह्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर आला की थांबणं नाही. रॅम बसवली ती बसवली, वर आपल्या जुन्या मशीनमधलं ग्राफिक्स कार्डही घातलं. "आता चित्रं कशी लख्ख दिसतील," म्हणाले. कोणाला, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. ह्यांनी मशीन बंद केलं, रॅम काढली, फुंकर मारली, परत बसवली. पडदा काळाच. परत बंद. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी तोंड पाडून म्हणाले, "मदरबोर्ड गेला वाटतं."

दादाचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत एक मुलाखत टाइप करून पाठवायची होती. मागच्या वेळी उशीर झाला, तेव्हाच काम देणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देईन. दुसरा कोणी असता तर दादाने त्याला सोलून काढलं असतं. पण हा पडला बहिणीचा नवरा. आपलेच दात, आपलेच ओठ.

"भावोजी, आवाजही येत नाही का?" त्याने विचारलं.

"अहो दादा, स्क्रीनच येत नाही, आवाज कुठला यायला?"

मलाही ते पटलं. माझाच राग येतो आता.

"जरा सरका," म्हणत दादा उठला. मशीनच्या मागे हात फिरवला. खोका टेबलावर घेताना स्पीकरची वायर निघून लोंबत होती. ती चाचपून खोचली, बटण दाबलं. हे सवयीने बंद करायला पुढे सरसावले, तसं त्याने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

थोड्या वेळाने स्पीकर बोलला. पासवर्ड मागत होता.

म्हणजे मशीन दर वेळी नीट सुरू होत होतं आणि दर वेळी आम्हीच त्याचा गळा दाबत होतो. पडद्याची वायर तेवढी जुन्याच जागी होती, घातलेल्या कार्डाला लावायची राहिली होती, हे नंतर कळलं.

दादा टाइप करायलाही लागला. ह्यांचा जीव मात्र पडद्यात अडकलेला. "अहो, पण स्क्रीन अजून काळीच आहे. असं कसं काम करणार?"

"माझी नेहमी काळीच असते, भावोजी," दादा म्हणाला. "बसा तुम्ही. आणि आता कशालाही हात लावू नका."